सह्यांची उतरंड

मंत्रालयातल्या कुठल्याही टिप्पणीच्या शेवटी हुद्दे एकाखाली एक टाइप केलेले असतात. कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव, मा. राज्यमंत्री, मा. मंत्री. फाइल ‘वर गेली’ असं आम्ही म्हणायचो, पण कागदावर ती पायरी-पायरीने खालीच उतरत जाते. मी या रांगेला उतरंड म्हणते. आमच्या गावच्या घरी माजघराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड होती. मधलं एक मडकं हवं असेल तर वरची सगळी उतरवावी लागत, आणि आजी ओरडायची ती मडकं फुटण्याआधीच.

मी डिसेंबर १९९४ मध्ये सहायक म्हणून रुजू झाले आणि जुलै २०२२ मध्ये निवृत्त झाले. या साडेसत्तावीस वर्षांत एकाच पक्षाचं म्हणता येईल असं सरकार मी किती पाहिलं याचा परवा हिशोब केला. सुरुवातीचे तीन महिने काँग्रेसचं, आणि २०१४ मध्ये भाजप एकटाच सत्तेवर होता ते पाच आठवडे. मधली थोडी राष्ट्रपती राजवट सोडली तर बाकी सगळी नोकरी युती आणि आघाडीत गेली. आघाडी सरकारांबद्दल बोलणारे लोक जागावाटप, रुसवेफुगवे, रात्रीच्या बैठका याबद्दल बोलतात. मला त्यातलं काही माहीत नाही. मला उतरंड माहीत आहे.

१४ मार्च १९९५ ला शिवाजी पार्कवर युतीचा शपथविधी झाला. शिवसेनेचे ७३, भाजपचे ६५ आणि उरलेला आकडा भरायला अपक्ष. त्या निवडणुकीत ४५ अपक्ष निवडून आले होते. मनोहर जोशी मुख्यमंत्री, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री. नंतरचे काही दिवस मंत्रालयात पाय ठेवायला जागा नव्हती. भगवे शेले, हार, पेढ्यांचे पुडे. लिफ्टच्या रांगेत एका गृहस्थांनी आमच्या शिपायाला विचारलं, “मंत्रालय कितव्या मजल्यावर?” शिपाई म्हणाला, “सगळं मंत्रालयच आहे. तुम्हाला कोण पाहिजे ते सांगा.” मला वाटतं, त्या आठवड्यात हा प्रश्न काही मंत्र्यांनाही पडला असावा. पहिल्यांदाच सत्तेत आलेली माणसं होती. फाइल कशी धरायची इथपासून सुरुवात होती. टिप्पणीचा भाग कुठला, पत्रव्यवहाराचा कुठला, फ्लॅग कशासाठी लावतात हे सांगायला आमचे साहेब मंत्र्यांच्या दालनात जात, आणि परत येऊन काहीच न बोलता पाणी पीत.

बाळासाहेब ठाकरे सरकारचा रिमोट कंट्रोल आपल्या हातात आहे असं उघड सांगत. पेपरवाल्यांना तेवढं पुरत असे. आमची अडचण वेगळी होती : रिमोटला सही नसते. निर्णय कुठेही होवो, शेवटी तो एका कागदावर, एका हुद्द्यासमोर, तारखेसकट उमटावा लागतो.

साहेब म्हणजे आमचे अवर सचिव. १९७८ मध्ये शरद पवारांचं पुलोदचं सरकार आलं तेव्हा ते लिपिक होते. ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये दिल्लीने बरखास्त केलं तोवर त्यांनी जनता पक्षवाले, शेकापवाले, काँग्रेसमधून फुटून आलेले, असे सगळे एकाच मजल्यावर पाहिले होते. त्यामुळे युती आली म्हणून ते मुळीच गांगरले नाहीत. मला म्हणाले, “बाई, सरकार एकाचं असलं की मंत्री फाइल वाचत नाही, सचिवावर सोडून देतो. दोघांचं असलं की दोघंही वाचतात. मजकूर वाचतात असं नाही. सह्या वाचतात. कोणाची आहे, कोणाची नाही.”

त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. टिप्पणीत ‘मा. मंत्री महोदयांच्या इच्छेनुसार’ असं कधी लिहायचं नाही. इच्छा एकाची असते, फाइल दोघांची. दुसरी गोष्ट म्हणजे ‘उभय’ हा शब्द. शाळेत हा शब्द मी उभयान्वयी अव्ययापुरता शिकले होते. मंत्रालयात तो मला पोटापाण्याला लागला.

त्याची गोष्ट सांगते. खात्याचं नाव सांगणार नाही.

१९९९ मध्ये युती गेली, विलासराव देशमुखांचं लोकशाही आघाडीचं सरकार आलं. काँग्रेसचे ७५, राष्ट्रवादीचे ५८, सोबत शेकाप आणि इतर लहान पक्ष. चार महिन्यांपूर्वीच काँग्रेसमधून फुटून निघालेली राष्ट्रवादी परत काँग्रेसच्याच शेजारी येऊन बसली होती, तेव्हा दोन्हीकडची माणसं एकमेकांना चांगली ओळखून होती. त्रास त्याचाच होता. आमच्या खात्यात मंत्री एका पक्षाचे आणि राज्यमंत्री दुसऱ्याचे. माझ्याकडे अनुदानित वसतिगृहांमधल्या स्वयंपाकिणी आणि मदतनीसांच्या मानधनाचा विषय होता. वाढ इतकी थोडी होती की वित्त विभागानेही फार क्वेरी काढल्या नाहीत. फाइल राज्यमंत्र्यांकडे गेली आणि परत आली. शेरा : ‘चर्चा करावी.’

नवखी होते. चर्चेची वेळ मागितली. मिळाली नाही. फाइल पुन्हा सादर केली. पुन्हा ‘चर्चा करावी’. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी साहेबांनी मला बसवलं आणि मंत्रालयाची बाराखडी सांगितली. ‘तपासून सादर करावे’ म्हणजे नको आहे, पण नाही म्हणायचं नाही. ‘नियमानुसार’ म्हणजे जबाबदारी तुमची. ‘चर्चा करावी’ म्हणजे मला विचारलं नाही. राज्यमंत्र्यांना त्या मानधनाबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. मंत्र्यांनी जाहीर सभेत घोषणा करून टाकली आणि आपल्याला पेपरातून कळलं, एवढंच त्यांचं दुखणं होतं.

मी टिप्पणी नव्याने लिहिली. ‘मा. राज्यमंत्री महोदयांनी दिलेल्या निदेशानुसार’ अशी सुरुवात केली. फाइल सहीसकट दोन दिवसांत बाहेर आली. मला फार हुशारी वाटली. मग ती मंत्र्यांकडे गेली आणि त्यांच्या खासगी सचिवांचा फोन आला : “ही घोषणा कोणी केली होती? तुम्ही पेपर वाचत नाही का?”

साहेबांनी पहिलं वाक्य खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘उभय मंत्री महोदयांच्या निदेशानुसार’. पान पुन्हा टाइप झालं. दोघांच्याही सह्या झाल्या. पाच महिने गेले होते. पाच महिन्यांचं वाढीव मानधन म्हणजे किती, हे मी तेव्हा मुद्दाम काढून पाहिलं नाही. आता वाटतं, काढायला हवं होतं.

राज्यमंत्री या पदाबद्दल जरा लांबण लावते, कारण आघाडी सरकार आतून पाहायचं असेल तर ती खिडकी तिथे आहे. कुठल्या विषयाच्या फाइली राज्यमंत्र्यांमार्फत याव्यात हे मंत्री ठरवतो. खातेवाटप झालं की पहिल्या महिन्यात हा अधिकारवाटपाचा कागद निघायला हवा. तो निघत नाही. निघाला तर त्यात बदल्या नसतात, निधी नसतो. अपिलं असतात, आणि विधिमंडळातल्या प्रश्नांची उत्तरं द्यायचं काम असतं. मग राज्यमंत्री पत्रकारांना सांगतात की आम्हाला अधिकार नाहीत. पण त्यांना नेमलेलं असतं ते अधिकार चालवायला नसतंच. पक्षाला त्या खात्यात एक डोळा हवा असतो. २०१९ च्या महाविकास आघाडीत गृहखात्याचे मंत्री राष्ट्रवादीचे अनिल देशमुख, राज्यमंत्री काँग्रेसचे सतेज पाटील आणि शिवसेनेचे शंभूराज देसाई. एका खात्यात तिन्ही पक्ष. अर्थखातं अजित पवारांकडे, तिथेही राज्यमंत्री सेनेचे. ही रचना कोणी सहज केली असेल असं मला वाटत नाही.

आणि अर्थखात्यावरून आठवलं. नोकरीची दहाएक वर्षं झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की आपल्याकडच्या आघाड्या एका न लिहिलेल्या नियमावर चालतात : मुख्यमंत्री एकाचा, तिजोरी दुसऱ्याची. १९९५ ला मुख्यमंत्री सेनेचा, अर्थखातं भाजपकडे. १९९९ पासून पंधरा वर्षं मुख्यमंत्री काँग्रेसचा, अर्थखातं राष्ट्रवादीकडे. २०१९ ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे, अर्थमंत्री अजित पवार. २००४ मध्ये तर राष्ट्रवादीचे ७१ आणि काँग्रेसचे ६९ निवडून आले होते. दोन जागा जास्त असून राष्ट्रवादीने मुख्यमंत्रिपद सोडलं आणि बदल्यात जादा मंत्रिपदं घेतली. १६ ऑक्टोबरला निकाल, १ नोव्हेंबरला शपथ. मधले दिवस त्यातच गेले. पेपरांनी लिहिलं, राष्ट्रवादी नमली. आमच्या डब्यातल्या एका बाई वित्त विभागात होत्या. डोंबिवली फास्टमध्ये लोंबकळत त्या एवढंच म्हणाल्या, “कोण नमलं ते डिसेंबरात पुरवणी मागण्या आल्या की बघू.”

बाहेरच्या माणसाला हे चटकन कळायचं नाही, म्हणून जरा फोड करते. खर्चाचा कुठलाही प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे जायचा तर टिप्पणीत वित्त, नियोजन, गरज असेल तर विधी व न्याय, अशा खात्यांचे अभिप्राय जसेच्या तसे घालावे लागतात. त्याखाली आपलं स्पष्टीकरण. वित्तने ‘सहमती देता येत नाही’ लिहिलं तरी मंत्रिमंडळ निर्णय घेऊ शकतं, पण ते वाक्य कायमचं कागदावर राहतं, आणि पुढच्या सरकारच्या हाती पडतं. जीआरच्या शेवटच्या परिच्छेदात एक ओळ असते : हा शासन निर्णय वित्त विभागाच्या सहमतीने, त्या विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक, दिनांक तमुक अन्वये निर्गमित करण्यात येत आहे. ‘अनौपचारिक’ वाचून नवख्याला वाटतं चहा पिता पिता झालेलं बोलणं असेल. मंत्रालयात याच्याइतकं औपचारिक दुसरं काही नाही. तो क्रमांक नसेल तर कोषागार बिल परत पाठवतं. दोन पक्षांच्या समन्वय समितीच्या बातम्या मी वर्षानुवर्षं वाचल्या. माझ्या पाहण्यातली समन्वय समिती हा क्रमांक देत असे किंवा देत नसे.

जून २००२ मध्ये विलासरावांचं सरकार पडता पडता राहिलं. आमदार फुटले, कोणी परराज्यात नेले, शेकापने पाठिंबा काढला, १३ जूनला विश्वासदर्शक ठराव झाला आणि सरकार तरलं. त्या दिवसांतलं मला आठवतं ते एकच : मजल्यावरची शांतता. फाइली हलेनात. सही करणाऱ्याला माहीत नाही की पुढल्या सोमवारी आपण आहोत का, आणि वाचणाऱ्यालाही माहीत नाही. आमचा शिपाई खुर्चीवर बसून डुलक्या काढत होता. मी त्याला उठवलं नाही.

आता माझी चूक.

२०१४ चा सप्टेंबर. पंधरा वर्षांची आघाडी शेवटच्या पंधरवड्यात होती आणि हे सगळ्यांना कळत होतं. आचारसंहिता कधीही लागेल, त्याआधी जीआर काढा, असा वरून रेटा होता. रात्री नऊ-दहापर्यंत बसत होतो. माझ्याकडे पुन्हा तोच विषय आला होता, वसतिगृहांच्या स्वयंपाकिणींचं मानधन. मधल्या काळात माझी दोन खाती फिरून झाली होती, कक्ष अधिकाऱ्याची अवर सचिव झाले होते. या वेळी ‘उभय’ लागलं नाही. जायच्या घाईत दोन्ही पक्षांचं एकमत होतं. जीआर निघाला. १२ सप्टेंबरला आचारसंहिता लागली. आणि तीन-चार दिवसांनी एका जिल्हा कोषागारातून फोन आला की लेखाशीर्ष जुळत नाही. २ च्या जागी ३ पडला होता. मसुदा मी तपासला होता. खाली सही माझी होती, ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’.

एरवी ही अर्ध्या तासाची गोष्ट. शुद्धिपत्रक काढायचं, संपलं. पण आचारसंहितेत शुद्धिपत्रकाला परवानगी मागावी लागेल असं वर ठरलं. परवानगीची फाइल निघेपर्यंत २५ सप्टेंबर उजाडला. त्या एकाच दिवशी सेना-भाजपची युतीही तुटली आणि काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही. दुसऱ्या दिवशी पृथ्वीराज चव्हाणांनी राजीनामा दिला, २८ ला राष्ट्रपती राजवट. ३१ ऑक्टोबरला भाजपचं एकट्याचं सरकार, ५ डिसेंबरला त्यात शिवसेना आली. आणि मधल्या काळात, आधीच्या सरकारने शेवटच्या दिवसांत काढलेले जीआर तपासून घ्यावेत, असं ठरलं. माझा २ आणि ३ त्या गाठोड्यात जाऊन बसला.

नोव्हेंबरात एक बाई आल्या होत्या. मराठवाड्यातून रात्रभर गाडीत बसून, दुपारी दोन वाजता पास काढून, आमच्या मजल्यावर आल्या. साठीच्या असतील. हातात पिशवी, पिशवीत जीआरची झेरॉक्स, तीही इतकी हाताळलेली की घडीवर फाटली होती. कोणी तरी त्यांना सांगितलं होतं की खाली ज्यांचं नाव आहे त्यांना जाऊन भेटा. मी त्यांना बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि समजावलं : आचारसंहिता, मग राष्ट्रपती राजवट, मग नवं सरकार. आकडा चुकलाय हेही सांगितलं. कोणी चुकवला ते सांगितलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ताई, ते आधीचं सरकार दोघांचं होतं म्हणं. मग आम्हाला दोनदा पैसे यायला पाहिजे होते. इथं एकदा बी आले नाहीत.”

बाजूच्या टेबलावरचा मुलगा हसला. मला हसू आलं नाही. त्या उठून गेल्यावर त्यांचा चहा तसाच होता, साय धरलेली.

शुद्धिपत्रक डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघालं.

आघाडीमुळे कामं रखडतात, हे म्हणणं मी हजारदा ऐकलंय, आणि वरच्या दोन गोष्टी वाचून कोणी म्हणेल की तुमच्याच तोंडून ते सिद्ध झालं. पण दुसरी बाजूही माझ्याच डोळ्यांनी पाहिलीय. भागीदार पक्षाचा मंत्री फाइल उघडून बघेल, या धास्तीने किती तरी टिप्पण्या नीट लिहिल्या जात. ‘विशेष बाब म्हणून’ हे शब्द घालून कुठलाही नियम वाकवता येतो. दोघांच्या सरकारात हे शब्द लिहिताना हात जरा अडखळतो. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. आग चौथ्या मजल्यावर सुरू होऊन वरच्या मजल्यांवर गेली, पाच माणसं गेली. नंतर कित्येक महिने आम्ही जळालेल्या नस्त्या पुन्हा उभ्या करत होतो. मूळ कागद नाही, तर ज्या ज्या खात्यांकडे ती फाइल अभिप्रायाला गेली होती तिथून प्रती मागवायच्या. तेव्हा लक्षात आलं, ज्या प्रस्तावांवर दोन पक्षांत ओढाताण झाली होती त्यांच्या प्रती चार-चार ठिकाणी मिळत होत्या. प्रत्येकाने आपल्याजवळ एक ठेवून घेतली होती. बिनबोभाट मंजूर झालेल्या फाइलींचा मात्र मागमूस नव्हता. अविश्वासाचाही असा उपयोग होतो.

२०१४ ते २०१९ बद्दल फार सांगण्यासारखं नाही. सेनेचे मंत्री खिशात राजीनामे घेऊन फिरतो म्हणत, ‘सामना’ रोज आपल्याच सरकारवर टीका करी, आणि मंगळवारी मंत्रिमंडळाच्या बैठकीला सगळे एकत्र बसत. या वेळी मुख्यमंत्रिपद आणि तिजोरी दोन्ही भाजपकडेच होती. माझा न लिहिलेला नियम पहिल्यांदाच मोडला होता. पुढे युती तुटली, त्याची मुळं लोक मातोश्रीवरच्या बंद खोलीतल्या बोलण्यात शोधतात. मी ती यातही शोधते.

२३ नोव्हेंबर २०१९ हा चौथा शनिवार होता. सुट्टी. मी घरी पोहे परतत होते आणि यजमान बाहेरून ओरडले, “अगं, फडणवीसांनी शपथ घेतली, अजित पवारांनीसुद्धा!” मला आधी वाटलं जुनं काही तरी दाखवतायत. त्याआधीचे अकरा दिवस राष्ट्रपती राजवट होती. अवकाळी पावसाची मदत, खरिपाला हेक्टरी ८ हजार आणि फळबागांना १८ हजार, राज्यपालांनी जाहीर केली होती. टिप्पणीच्या तळाशी ‘मा. मंत्री’च्या जागी ‘मा. राज्यपाल’ टाइप करायला शिकतो न शिकतो तोच सकाळी सरकार आलं, मंगळवारी गेलं, आणि गुरुवारी, २८ तारखेला, शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंनी शपथ घेतली. त्यांच्यासोबत तिन्ही पक्षांचे मिळून सहा मंत्री. पुढचा महिनाभर अख्ख्या राज्याची खाती या सात जणांत वाटलेली होती. ३० डिसेंबरला आणखी ३६ जण आले. एकूण ४३. घटनेतली मर्यादा आमदारांच्या १५ टक्क्यांची. २८८ चे १५ टक्के काढले की ४३ च येतात. एक खुर्ची शिल्लक ठेवली नव्हती.

‘उभय’ शब्द त्या दिवशी निवृत्त झाला. तिघांसाठी मराठीत तसा शब्द नाही. आम्ही ‘सर्व संबंधित’वर आलो, पण त्यात ती चव नाही.

त्या सरकारातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे शिवभोजन थाळी. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, भात, वरण. शिवसेनेच्या जाहीरनाम्यातलं वचन, आणि ते राबवायचं अन्न व नागरी पुरवठा खातं कोणाकडे? छगन भुजबळांकडे, जे १९९१ मध्ये शिवसेना फोडून बाहेर पडले होते. तिजोरी राष्ट्रवादीची. शहरात थाळीमागे ४० आणि ग्रामीण भागात २५ रुपये अनुदान शासन देणार. १९९५ च्या युतीची एक रुपयातली झुणका-भाकर ज्यांना आठवत होती त्यांनी नाक मुरडलं. तिची केंद्रं पुढे कशाची झाली ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पण शिवभोजनाच्या जीआरमध्ये भाताचं वजन, भाजीचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं होतं. चपाती ३० ग्रॅमची, भाताची मूद १५० ग्रॅमची. एकमेकांवर भरवसा नसलेल्या तीन पक्षांनी लिहिलेला कागद असाच असतो, आणि तो असाच असायला हवा. मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा थाळी पाच रुपयांवर आणली, कारण केंद्रं आधीच उभी होती. ठाण्यात रिक्षा स्टँडजवळच्या केंद्रावर मी एकदा रांगेत उभी राहून जेवले. वरण पातळ होतं. भाताची मूद मात्र मापात होती.

पाच दिवसांचा आठवडाही त्याच सरकारने दिला, २९ फेब्रुवारी २०२० पासून. त्याचं कौतुक मी करणार नाही, आम्ही लाभार्थी.

मग २१ जून २०२२. आगीला बरोबर दहा वर्षं झाली होती आणि आमच्यातल्या काही जणांना तारीख आठवत होती, म्हणून सकाळी त्यावरच बोलणं चाललं होतं. दहा वाजेपर्यंत एकनाथ शिंदे सुरतला असल्याची बातमी सगळ्या मोबाइलांवर आली. पुढे गुवाहाटी. सेनेच्या आमदारांची जाहीर तक्रार काय होती? निधी मिळत नाही, अर्थखातं राष्ट्रवादीला झुकतं माप देतं. तक्रार खरी की खोटी यात मी पडत नाही. पण बंड होताना हिंदुत्वाच्या जोडीने तिजोरीचंच नाव निघालं, याचं मला नवल वाटलं नाही.

त्या आठवड्यात २००२ च्या उलटं झालं. फाइली थांबल्या नाहीत, धावू लागल्या. आज रात्रीच जीआर काढा, उद्या नको. संकेतस्थळावर दिवसाला इतके जीआर चढत होते की विरोधकांनी राज्यपालांकडे तक्रार केली आणि राज्यपालांनी शासनाकडून माहिती मागवली. माझ्याकडे आलेल्या फाइलींपैकी दोनवर मी ‘लेखाशीर्षाची पडताळणी आवश्यक’ असं लिहून त्या खाली पाठवल्या. पडताळणी खरंच आवश्यक होती का? एका फाइलीत होती. दुसरीत मला २०१४ आठवलं होतं, एवढंच. २९ तारखेला मंत्रिमंडळाची शेवटची बैठक झाली, औरंगाबाद आणि उस्मानाबादच्या नामांतराचे ठराव झाले, आणि रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी नवे मुख्यमंत्री, नवे उपमुख्यमंत्री. बाकी मंत्रिमंडळ नाही. ९ ऑगस्टपर्यंत दोघांचंच सरकार होतं.

माझा निवृत्तीचा दिवस ३१ जुलै, रविवार, म्हणून शेवटचा कामाचा दिवस शुक्रवार, २९. केक, शाल, श्रीफळ सगळं साडेचारला उरकलं होतं. टेबलावर एकच फाइल राहिली होती, बिनमहत्त्वाची, एका समितीच्या मुदतवाढीची. सहायक कक्ष अधिकारी नवा होता, परीक्षा देऊन आलेला, तरतरीत. त्याने टिप्पणी टाइप करून आणली आणि तळाची उतरंड दाखवून म्हणाला, “मॅडम, सवयीने ‘मा. राज्यमंत्री’ आणि ‘मा. मंत्री’ टाइप झालं. सध्या दोन्ही नाहीत. थेट मुख्यमंत्र्यांकडे जाते ना? काढून टाकू?”

मी म्हटलं, “मंत्री काढ.”

“आणि राज्यमंत्री?”

“तोही काढ. पण जागा सोड.”

त्याने दोन ओळींची जागा सोडून दुसरी प्रत आणली. मी सही केली, तारीख घातली, आणि सहा बावीसच्या गाडीसाठी निघाले.